‘सांगितलं की करतात ना!’ हा आरोप चुकीचा आहे

“सांगितलं की करतात ना! मग स्वतःहून करायला काय होतं?”

मेंदूचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरात हे वाक्य कधी ना कधी उच्चारलं जातंच. भांडुपसारख्या उपनगरात ते जास्तच सहज येतं, कारण इथल्या घरांनी माणसाची किंमत कायम त्याच्या धावपळीवरून केली. सीएटच्या टायर कारखान्यात, एशियन पेंट्समध्ये, लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या लहानमोठ्या वर्कशॉपमध्ये पाळ्या भरून उभी राहिलेली ही वस्ती. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून येऊन टेंभीपाड्याच्या, हनुमान नगरच्या चढावर एकेक खोली बांधलेली. अशा एखाद्या घरातला साठीचा माणूस इस्पितळातून परत येतो. हातपाय हलतात, बोलणं स्पष्ट आहे, नातवंडांची नावं आठवतात. पेपर हातात दिला तर वाचतो, पण हातात दिला तरच. आंघोळीला जा म्हटलं की उठतो. कोणी म्हटलं नाही तर संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहतो. गणपतीला गावी जायचं तिकीट मिळावं म्हणून जो पहाटेपासून आरक्षणाच्या रांगेत उभा असायचा, तो यंदा गणपती कधी आहेत हेही विचारत नाही. काय होतंय म्हणून विचारलं तर “काही नाही” म्हणतो, आणि त्याच्या परीने ते खरंच असतं.

घरचे महिना-दोन महिने थांबतात. मग निवाडा होतो. अंगात आळस भिनलाय. सोंग आहे. मनावर घेतलं तर सगळं येतं.

हा निवाडा चुकीचा आहे, आणि ज्या पुराव्यावर तो दिला जातो तोच पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. सांगितल्यावर करणं आणि न सांगता न करणं हे लबाडीचं लक्षण नव्हे. मेंदूविज्ञानाला चाळीस वर्षांपासून माहीत असलेल्या एका आजाराची ती ओळखीची खूण आहे.

१९८४ साली पॅरिसच्या दोमिनिक लाप्लान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. एकाच्या मेंदूला गांधीलमाशीच्या डंखानंतर इजा झाली होती, दोघांना कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली होती. तिघांचीही बुद्धी शाबूत होती. हालचालीत दोष नव्हता, किंवा असला तरी किरकोळ. तरीही स्वतःहून त्यांच्याकडून काहीच घडत नव्हतं. बाहेरून कोणी चालना दिली की माणूस बोलायचा, विचार करायचा, काम करायचा. चालना थांबली की पुन्हा स्तब्ध. स्कॅनमध्ये डाग दिसले ते मेंदूच्या गाभ्यातल्या, बेसल गँग्लिया म्हणतात त्या केंद्रांत. पुढे २००१ मध्ये लाप्लान आणि ब्रुनो द्युब्वा यांनी अशा रुग्णांचा आढावा घेतला, त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. बागेतलं गवत कापायला निघालेला एक माणूस यंत्राच्या मुठीवर हात ठेवून ४५ मिनिटं जागचा हलला नाही. मुलाने ‘चला’ म्हटल्याबरोबर तो तत्क्षणी हलला. हातात बळ होतं, काम ठाऊक होतं, करायला नकारही नव्हता. आतून जो पहिला धक्का मिळावा लागतो, तेवढाच मिळत नव्हता.

रिक्षा धक्का मारून चालू झाली म्हणजे तिचा स्टार्टर ठीक आहे, असं भांडुप स्टेशनबाहेरचा कोणीही रिक्षावाला म्हणणार नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: फ्रान्समधल्या तीन विचित्र रुग्णांवरून इथल्या घराघरातल्या माणसांबद्दल काय सांगता? आक्षेप रास्त आहे, म्हणून मोठ्या आकड्यांकडे जावं. मुंबईत न्यूरोलॉजी शिकून लंडनला गेलेले डॉ. कैलाश भाटिया आणि तिथले डेव्हिड मार्सडेन यांनी १९९४ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात २४० रुग्णांच्या नोंदी तपासल्या. या सगळ्यांच्या बेसल गँग्लियात ठरावीक जागी इजा झालेली होती. वागणुकीतल्या बिघाडांमध्ये सर्वात जास्त आढळला तो अबुलिया, म्हणजे पुढाकार, उत्स्फूर्त विचार आणि भावनांचा प्रतिसाद हरपणं: एकूण रुग्णांत १३ टक्के. इजा कॉडेट नावाच्या केंद्रात असेल तर प्रमाण २८ टक्क्यांवर जात होतं, आणि विशेष म्हणजे त्या रुग्णांत हालचालींचे दोष क्वचितच दिसत होते. हातपाय धड आणि माणूस बसून! घरच्यांना कोड्यात टाकणारं हे चित्र ‘ब्रेन’मधल्या त्या लेखात तीस वर्षांपूर्वी छापून आलेलं आहे.

पुढच्या काळातल्या अभ्यासांची एकत्रित आकडेवारी आणखी बोलकी आहे. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एकाला, पार्किन्सन्सच्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांना आणि अल्झायमर्सच्या जवळपास निम्म्या रुग्णांना अ‍ॅपथी, म्हणजे प्रेरणेचा हा ऱ्हास, कमीअधिक प्रमाणात होतो. हा दुर्मीळ आजार नाही. दुर्मीळ आहे ते त्याचं निदान.

तो होतो कसा, हेही गूढ राहिलेलं नाही. कपाळामागच्या मेंदूचा आतला भाग, त्याला जोडलेली बेसल गँग्लिया, तिथून थॅलॅमस आणि पुन्हा कपाळामागे, असा एक फेरा अखंड चालू असतो. एखादी गोष्ट करण्याजोगी आहे का, तिच्यासाठी किती कष्ट पडतील, ते कष्ट परवडतील का, आणि मग सुरुवात करून ती धरून ठेवणं, हे सगळं या फेऱ्यात घडतं. डोपामिन हे रसायन त्याला जोर पुरवतं. या भागाला रक्त देणाऱ्या रक्तवाहिन्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, आणि अनेक वर्षांचा रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांनी आधी त्याच बुजतात. कधी झटका आल्याचं कोणाला कळतही नाही. तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही. बदललेला दिसतो तो माणसाचा स्वभाव.

‘इच्छाशक्ती मेंदूच्या वर असते, तिला मेंदूची अडचण येत नाही’ असं मानणाऱ्यांनी दोन प्रयोग नीट पाहावेत. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या जोसेफ पारविझी यांच्या गटाने अपस्माराच्या दोन रुग्णांच्या मेंदूत, उपचारासाठी आधीच बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून, सिंग्युलेट भागाच्या एका ठिकाणी सौम्य विद्युतप्रवाह सोडला. दोघांनीही सांगितलं की समोर काहीतरी अवघड येतंय आणि त्यातून पार व्हायचंच, असा निर्धार वाटतोय. प्रवाह सोडल्याचं नुसतं नाटक केलं, तेव्हा तसं काही वाटलं नाही. दुसरी गोष्ट उलट दिशेची. पार्किन्सन्सच्या काही रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड बसवले की कंप कमी होतो आणि डोपामिनची औषधं उतरवता येतात. फ्रान्समधल्या एका अभ्यासात औषधं अशी झपाट्याने उतरवल्यावर पुढच्या काही महिन्यांत निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये अ‍ॅपथी दिसू लागली. शरीर आधीपेक्षा मोकळं झालं आणि माणूस बसून राहिला. त्यांचं चारित्र्य बिघडलं नव्हतं, गोळ्या कमी झाल्या होत्या.

आणि ऑक्सफर्डच्या मसूद हुसेन यांच्या गटाने २०१३ मध्येच मांडलेला तो ४१ वर्षांचा रुग्ण. मित्रांत रमणारा हा माणूस बेसल गँग्लियाच्या दोन्ही बाजूंना झालेल्या छोट्या इजांनंतर अबोल आणि निरिच्छ झाला. उदास नव्हता, त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. चाचणीत असं दिसलं की बक्षीस समोर ठेवलं तरी ते मिळवण्यासाठी त्याचा मेंदू वेग वाढवत नाही. डोपामिनसारखं काम करणारं रोपिनिरोल हे औषध दिल्यावर बक्षिसाला प्रतिसाद परत आला, बोलणं-मिसळणं परत आलं, कामधंदाही मिळाला. अशा किती जणांना केवळ उपदेश मिळाला असेल, हा प्रश्न इथे अस्वस्थ करतो.

उपदेशाची आपल्याकडे कमतरता नाही. यत्नाचा आग्रह दासबोधात समर्थांनी धरला तो सशक्त माणसांनी आळसात आयुष्य घालवू नये म्हणून, आणि तो योग्यच होता. पण त्याचं आजचं रूप म्हणजे सभागृहं भरवणारी प्रेरणादायी व्याख्यानं आणि रोज सकाळी मोबाइलवर येऊन पडणारे सुविचार. मनाने ठरवलं की काहीही अशक्य नाही, हे त्यांचं सूत्र. ज्याच्या मेंदूतला ठरवण्याचाच भाग दुखावला आहे, त्याला हे ऐकवणं क्रूर आहे. दुखावलेल्या गुडघ्याला कोणी ‘धाव’ म्हणत नाही, कारण सूज दिसते. इथे सूज दिसत नाही एवढाच फरक.

दुसरा आक्षेप जास्त समंजस माणसांकडून येतो, डॉक्टरांकडूनही: हे नैराश्य असेल, त्याची गोळी सुरू करू. दोन्ही एकत्र असू शकतात हे खरं. पण १९९८ मध्येच एम. एल. लेव्ही आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या मेंदूविकारांतले रुग्ण तपासून दाखवून दिलं की अ‍ॅपथी आणि नैराश्य या स्वतंत्र गोष्टी आहेत. निराश माणसाला दुःख असतं, अपराधी वाटतं, रात्री झोप लागत नाही, जगणं नकोसं होतं. अ‍ॅपथीच्या रुग्णाला यातलं काही होत नाही. त्याच्या घरी रडतात ते बाकीचे. आणि हा फरक पुस्तकी नाही, कारण नैराश्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या काही जणांमध्ये हीच निरिच्छता वाढवतात. चुकीच्या नावाने चुकीची गोळी सुरू होते, आणि सहा महिन्यांनी ‘औषधानेही फरक नाही, म्हणजे सोंगच’ असा नवा पुरावा तयार होतो.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र थोडं थांबायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. उद्या प्रत्येक आळशी माणूस मेंदूकडे बोट दाखवेल, असं लोक म्हणतात. अभ्यास न करणारा मुलगा, नाक्यावर दिवस काढणारा तरुण, सगळेच रुग्ण ठरतील. तसं ठरता कामा नये. भांडुप ते कांजूरमार्ग-विक्रोळी या पट्ट्यातले कारखाने एकामागून एक बंद पडले तेव्हा चाळीशी-पन्नाशीतले किती तरी कामगार घरी बसले. त्यांच्या मेंदूत काही बिघडलं नव्हतं, त्यांचं काम गेलं होतं. त्यांना आजारी म्हणणं म्हणजे मालकांना आणि सरकारला मोकळं सोडणं. म्हणूनच निकष कडक हवेत, आणि ते आहेत. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने ते नव्याने ठरवले: माणसाच्या आधीच्या स्वभावाच्या तुलनेत झालेली स्पष्ट घट, ती किमान चार आठवडे टिकलेली, कृती-विचार, भावना आणि लोकांतलं मिसळणं या तिन्हींपैकी किमान दोनांत दिसणारी, रोजच्या जगण्यात अडथळा आणणारी, आणि दुसऱ्या कारणाने पुरती समजावून न सांगता येणारी. आयुष्यभर कामचुकारपणा केलेला माणूस यात बसत नाही. आयुष्यभर राबलेला माणूस पक्षाघातानंतर एका महिन्यात बदलला, तर बसतो. आधीचा आणि नंतरचा माणूस शेजारी शेजारी ठेवून पाहायचा असतो, आणि ते काम घरच्यांइतकं चांगलं कोणीच करू शकत नाही.

आळशी आणि आजारी यांच्यातला आणखी एक फरक सहज ध्यानात येतो. आळशी माणूस कष्ट टाळतो, पण सुख टाळत नाही. जेवणाची वेळ, क्रिकेटची मॅच, मित्रांचा कट्टा त्याला बरोबर आठवतो. अ‍ॅपथीच्या रुग्णाच्या हातून आवडीच्या गोष्टीही सुटतात. ऑक्सफर्डमधल्याच प्रयोगांत पार्किन्सन्सच्या रुग्णांना ठरावीक बक्षिसासाठी ठरावीक जोर लावून मूठ आवळायची संधी दिली. अ‍ॅपथी असलेले रुग्ण नकार देत होते तो मुख्यतः लहान बक्षिसाच्या वेळी. बक्षीस मोठं असलं की तेही जोर लावायला तयार होत. रोजचं आयुष्य लहान बक्षिसांचंच असतं: चहा, शेजाऱ्याशी चार शब्द, संध्याकाळची फेरी. खिंडीपाड्याच्या चढावर राहणाऱ्याला तर खाली रस्त्यापर्यंत जाऊन परत येण्याचे कष्टही काही कमी नाहीत. मेंदूचा हिशेब आधीच बिघडलेला, त्यात चढ. मग माणूस खुर्चीत राहतो. मोठ्या नातीच्या लग्नाला तो उठून तयार झाला, म्हणून ‘बघा, हवं तेव्हा जमतं’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

बाईच्या वाट्याला हा आजार आला तर परिस्थिती आणखी वाईट होते, आणि याबद्दल फारच कमी बोललं जातं. पुरुष खुर्चीत बसला तर चहा समोर येतो, ताट समोर येतं. त्याचं काही बिनसलंय हे ध्यानात यायला महिने जातात. बाई उठली नाही तर त्याच सकाळी कळतं, कारण पाणी भरलं जात नाही, डबा होत नाही. कळतं, पण आजार म्हणून नव्हे. तिला तोंड उघडून सांगितल्यावर ती भाजी चिरते, पुढची फोडणी मात्र देत नाही, आणि घर म्हणतं की हिला आता काम नको झालंय. नवऱ्याच्या बाबतीत निदान डॉक्टरांकडे जायचा विचार तरी होतो. तिच्या बाबतीत माहेरी फोन जातो.

राहिला शेवटचा आक्षेप: औषध नसेल तर नाव देऊन काय उपयोग? रामबाण औषध नाही, हे कबूल. अल्झायमर्सच्या २०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत मिथिलफेनिडेटने अ‍ॅपथी कमी झाली, पण फायदा माफकच होता. पार्किन्सन्समध्ये डोपामिनची औषधं नीट बसवल्याने काहींना फरक पडतो. ही औषधं न्यूरोलॉजिस्टनेच ठरवायची. दुकानातून आणून द्यायची नव्हेत.

पण नाव मिळाल्याने घरातली वागणूक बदलते, आणि या आजारात उपचाराचा निम्मा भार तीच उचलते. चालना बाहेरून मिळाली की माणूस हलतो, हे लाप्लान यांच्या रुग्णांपासून दिसत आलं आहे. पार्किन्सन्सच्या रुग्णाचे पाय जमिनीला चिकटतात, तेव्हा लादीवर आखलेल्या पट्ट्यांवर पाय टाकत तो चालू लागतो, याचंही मूळ तेच: आतून सुरू होणारी वाट तुटली तरी बाहेरच्या खुणेवर चालणारी वाट शिल्लक असते. तेव्हा ‘तुम्हाला काय करायचंय?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचं उत्तर नाही असंच येणार. ‘चला, दूध आणू’ म्हणावं आणि पिशवी हातात द्यावी. आंघोळ, फेरी, व्यायाम यांच्या वेळा ठरवून मोबाइलवर गजर लावावा. पहिलं पाऊल बरोबरीने टाकावं, पुढचं तो टाकतो. आणि टोमणे बंद करावेत. टोमण्याने चालना मिळत नाही, घर मात्र थकतं. अ‍ॅपथीच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांवर जास्त ताण येतो, हे पाहण्या वारंवार सांगतात. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांनी स्थापन केलेली पार्किन्सन्स डिसीझ अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना एकत्र आणून व्यायाम, नाच, गाणी, गप्पा घडवतात. वरवर करमणूक वाटते, पण ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि वाट पाहणारी माणसं ही या आजारावरची नेमकी मात्रा आहे. पक्षाघाताच्या रुग्णांसाठी असं जाळं उपनगरांत वॉर्डावॉर्डात हवं.

सार्वजनिक व्यवस्थेलाही इथे उत्तर द्यावं लागेल. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले, त्यात पार्किन्सन्स आणि दीर्घकालीन मज्जाविकार आहेत. पण पक्षाघातानंतरचं अपंगत्व मोजताना भर राहतो तो हातापायाच्या बळावर. मूठ आवळता येते, दहा पावलं चालता येतं, म्हणजे ४० टक्क्यांचा उंबरठा गाठला नाही. स्वतःहून जेवायलाही न उठणारा माणूस त्या मोजमापात धडधाकट ठरू शकतो.

आणि हा रुग्ण स्वतः तक्रार घेऊन कधीच येत नाही. भांडुपहून सायनला किंवा परळला लोकलने नेऊन आणलेल्या माणसाला ओपीडीत “कसं वाटतंय?” विचारलं की तो “बरं आहे” म्हणतो. रक्तदाब मोजला जातो, गोळ्या लिहिल्या जातात, पुढची तारीख मिळते. महापालिकेचे दवाखाने आणि घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका रक्तदाब-मधुमेहाची चौकशी करतातच. पक्षाघात झालेल्या घरात त्यांनी रुग्णाला नव्हे, घरच्यांना दोन प्रश्न जास्त विचारावेत: ते स्वतःहून काही सुरू करतात का? पूर्वी करायचे का? यासाठी यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे, त्यांनी बदल कधीपासून झाला ती तारीख, पूर्वी स्वतःहून होणाऱ्या आणि आता बंद पडलेल्या गोष्टी, आणि सांगितल्यावर तो काय काय करतो, हे सगळं एका कागदावर लिहावं आणि तो कागद न्यूरोलॉजीच्या ओपीडीत डॉक्टरांसमोर ठेवावा. आत जाताना रुग्णाला एकट्याला पाठवू नये.